सामाईक भिंग

ते गेल्याचे मला एका गाडीवानाने सांगितले. मी आता असतो त्या अमरावतीला तो अकोल्याहून मिठाची पोती घेऊन आला होता. बैल सोडता सोडता, वाटेतल्या एखाद्या नाल्याचे पाणी आटले असे सांगावे तसे तो म्हणाला, "मास्तर, ते भिंगवाले बुवा गेले बरं. मागच्या पंधरवड्यात." मी त्याला पाणी विचारले. तो ते प्यायला आणि बैलांकडे गेला. त्यांची भिंगाची खोली अजून उघडते का, हे मला विचारायचे होते. पण तोंड उघडेपर्यंत तो चाकाला वंगण लावू लागला होता, आणि मग राहून गेले.

त्यांना सगळे बुवा म्हणत. बुवा म्हणावे असे त्यांच्यात काही नव्हते. ना माळ, ना गंध, ना उपदेश. परतवाड्याकडच्या एका माळ्याच्या घरातले ते. तिथल्या छावणीत एका गोऱ्या डॉक्टरच्या बागेत ते फुले आणि भाज्या लावीत. डॉक्टरची बदली झाली की त्याच्या काचसामानाची पेटी त्यांच्या डोक्यावरून जाई, आणि घाटातून, ओढ्यातून नेली तरी आतले काही फुटत नसे. एवढ्या एका गुणावर त्यांना अकोल्याला आणले गेले. कापसाविषयी त्यांना शेवटपर्यंत काही कळले नाही, आणि ते लपवावे असेही त्यांना कधी वाटले नाही.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे साऱ्या जगाचे लक्ष वळले. भाव चढला तशी लबाडीही चढली. रुईवर पाणी मारायचे, सरकी ठेवायची, आणि लांब मऊ धाग्याच्या 'बनी' कापसात आखूड भरड 'जरी' कापूस मिसळायचा. घेणारा म्हणे भेसळ आहे, विकणारा म्हणे नाही, आणि भर बाजारात लाठ्या निघत. तेव्हा कापसाच्या कचेरीतल्या एका साहेबाने व्यापारी, शेतकरी, पिंजारी आणि कोष्टी या चौघांकडून वर्गणी गोळा केली आणि जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठाला, एक खोली घेतली. तिच्यात विलायतेहून आलेले एक मोठे सूक्ष्मदर्शक भिंग ठेवले, काचेच्या कपाटात बसणारा एक नाजूक तराजू ठेवला आणि भिंतीशी मातीच्या बरण्या मांडल्या. बरण्यांत गावोगावचे निवडक बियाणे आणि अस्सल धाग्याचे नमुने होते. कोणीही आपला कापूस आणावा, नमुन्याशी ताडून पाहावा, आणि तंटा मिटवावा. मी मनात तिला प्रयोगशाळा म्हणत असे. गाव तिला भिंगाची खोली म्हणे.

मी तेव्हा अकोल्याच्या नव्या शाळेत मास्तर होतो. देशावरून आलेला, गावात ओळख नसलेला. शाळा सुटल्यावर जाण्यासारखी जागा म्हणजे ती खोली. तिथे सावली असे आणि कोणी फार बोलत नसे.

पहिल्याच भेटीत मी त्यांना विचारले, "बुवा, भिंगातून बनी कशी दिसते हो?"

"मले काय मालूम?"

"म्हणजे? तुम्ही पाहिली नाही?"

"नाई जी. मी नाई पाह्यत."

मला ती थट्टा वाटली. पण ते खरे होते. त्या भिंगाला त्यांनी कधीही डोळा लावला नाही. ते रोज पुसत, झाकत, उघडत, आरसा उन्हाकडे फिरवून देत, आणि पाहणारा खाली वाकला की स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहत. पुढे ओळख वाढल्यावर मी पुन्हा विचारले, तेव्हा म्हणाले, "मी पाह्यलं का मले मत होते. मले मत झालं का कोनाचा कापूस चांगला अन् कोनाचा खराब, हे माह्या तोंडावर दिसते. मंग ज्याचा खराब तो उद्या इथं येत नाई. तो आला नाई म्हंजे खोली त्याची राह्यली नाई. मंग ते कोनाची राह्यली, सांगा?"

पुण्याकडे असा प्रश्न कोणी इतका तोडून विचारीत नाही.

परीक्षेची रीत त्यांनीच बसवली होती. कापूस ज्याचा, त्याने एक पाहणारा निवडायचा. ज्याची तक्रार, त्याने दुसरा निवडायचा. तिसरा, ज्याचा त्या कापसाशी संबंध नाही असा. पुष्कळदा तो तिसरा मी असे, कारण माझ्याकडे कापूस नव्हता आणि आप्तही नव्हते. तिघांनी एकेक करून पाहायचे आणि कोपऱ्यात जाऊन बुवांच्या कानात आपले मत सांगायचे. तिघांचे जमले तर बुवा उंबऱ्यावर येऊन मोठ्याने सांगत. नाही जमले तर म्हणत, "आज कापूस बोलला नाई." कोण काय म्हणाले हे त्यांच्या तोंडून कधी बाहेर आले नाही. एकदा साहेबानेही विचारले होते. बुवांनी त्याला उजव्या कानाने कमी ऐकू येते असे सांगितले, आणि साहेब डाव्या बाजूला आला तेव्हा त्याही कानाने कमी ऐकू येते असे सांगितले.

हात राखेने धुतल्याशिवाय कोणाला आत घेत नसत. साहेबालाही नाही. साहेब पहिल्यांदा आला तेव्हा उंबऱ्यात आडवे उभे राहून म्हणाले, "साहेब, हात." साहेबाने हात मिळवायला पुढे केला. बुवांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि रांजणाकडे बोट केले.

वर्गणीदारांपैकी कोणाच्या घरचे ते पाणीसुद्धा पीत नसत. खोलीच्या मागे परसू होते, त्यात नमुन्याच्या बियाण्याचे दोन वाफे आणि बाकी वांगी, मेथी, झेंडू. त्यावर त्यांचे चाले. कोणी भिंगाची फार तारीफ केली तर ते त्यावर फडका टाकीत आणि त्या दिवशी पुन्हा उघडत नसत. नजर लागते असे ते म्हणत. मला वाटे, तारीफ करणारे पाहायला आलेले असत, कापूस घेऊन आलेले नसत, आणि बुवांना तेवढे कळत होते.

ही सगळी शिस्त कुठून आली, असे मला पुष्कळ दिवस वाटे. साहेबाची तर ती नव्हती. साहेबाच्या कल्पनेत एक कारकून, एक शिपाई आणि भिंतीवर टांगलेले नियम होते. मग एकदा बुवा आपल्या गावच्या विहिरीविषयी बोलले. त्यांच्या भाऊबंदांची विहीर सामाईक होती. प्रत्येक घराला मोटेची पाळी. पाळी ज्याची, नाडा त्याचा, आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेले की गाळ काढायला प्रत्येक घरचा धनी स्वतः उतरायचा. गडी पाठवलेला चालत नसे.

"काहून नाई चालत?" मी त्यांच्याच बोलीत विचारले. ते हसले नाहीत.

"गडी गाळ काढते. धनी उतरला का त्याले दिसते, कोनती दगडी सुटून राह्यली ते. विहीर उपशानं नाई मरत, मास्तर. गाळानं मरते."

म्हणून दर उन्हाळ्यात, हंगाम संपला की, ज्या ज्या लोकांनी वर्षभरात त्या भिंगातून पाहिले त्यांना ते बोलावीत. पांढऱ्या पागोट्याचे व्यापारी बरण्या धुवायला बसत. कोष्टी पितळ पुसत. पिंजारी चुना कालवीत. बुवा मध्ये उभे राहून काहीच करीत नसत. खर्चासाठीही त्यांनी गावचीच रीत उचलली होती. सुताराला, लोहाराला खळ्यावर जसे पायलीभर मिळते, तशी तपासलेल्या प्रत्येक कापसातली एक मूठ खोलीत राही. तिला परीक्षेची मूठ म्हणत. तिच्यातून चुना येई, तेल येई, फडके येत. साहेबाला ही पद्धत रानटी वाटे. पण साहेबाची वर्गणी एका वर्षात आटली, आणि मूठ चालू राहिली.

दसऱ्याची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तराजूचे काय झाले हे कळणार नाही.

खंडेनवमीला सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात. एका वर्षी व्यापाऱ्यांना वाटले, ज्याच्यामुळे आपले तंटे मिटतात त्याची पूजा का नको? बुवा नदीवर गेले असताना चारपाच जण आत शिरले आणि त्या काचेच्या कपाटातल्या तराजूची त्यांनी मनोभावे पूजा केली. दोन्ही पारड्यांत हळदकुंकू, दांडीला शेंदूर आणि काट्याच्या टोकाला, जिथे केसाएवढाही भार चालत नाही तिथे, तेलात कालवलेल्या शेंदराचा एक ठसठशीत ठिपका. वर झेंडूची माळ. झेंडू बुवांच्याच परसातला होता.

बुवा आले. त्यांनी पाहिले. मी तिथे होतो, आणि आता आरडाओरड होणार असे मला वाटले. त्यांनी ओले हात धोतराला पुसले आणि तराजूला नमस्कार केला.

"चांगलं केलं तुमी," ते म्हणाले. "आता हा देव झाला. देवाले काम सांगू नाई."

तराजू कपाटासकट कोनाड्यात गेला. पुन्हा त्याने कधी काही तोलले नाही. पुढे दर नवमीला लोक येत, त्याला शेंदूर फासत, नारळ फोडत, आणि भिंगाकडे कोणी वळत नसे. बऱ्याच दिवसांनी मी म्हणालो, "तेल साबणाने निघाले असते, बुवा. काटा पुन्हा चालला असता."

"चालला असता."

"मग?"

"एक देव दिला का बाकीचे वाचतात," ते म्हणाले आणि वांग्यांना पाणी घालायला गेले.

अमेरिकेतली लढाई संपली त्या वर्षी बाजार कसा कोसळला, ते पुष्कळांनी सांगितले आहे. मी फक्त खोलीपुरते सांगतो. जुना साहेब बदलून गेला. नव्या साहेबाला भिंगात रस नव्हता. तो म्हणाला, ज्यांनी वर्गणी दिली त्यांनी सामान वाटून घ्यावे आणि जागा मोकळी करावी. त्या दिवसांत प्रत्येकजण हाताला लागेल ते घरी नेत होता, त्यामुळे वाटणीची भाषा कोणालाच वावगी वाटली नाही. भांडण एवढेच होते की भिंग कोणाचे.

इथे दोन माणसे सांगायला हवीत. एक अकोल्याचे शेठजी. मोठी वखार, मोठा आवाज, बोलणे अर्धे हिंदी. दुसरे तेल्हाऱ्याचे पाटील. उंच, कमी बोलणारे, बनी पिकवण्याचा अभिमान असलेले. भाव पडला त्या वर्षी शेठजींनी पाटलांच्या गाड्या वखारीच्या फाटकातून परत फिरवल्या होत्या आणि वर चारचौघांत म्हटले होते, "तेल्हारे का माल? कचरा है, भाई." तेव्हापासून पाटील शेठजींच्या सावलीत उभे राहत नसत. अगदी शब्दशः. ऊन असले तरी बाजूला होत.

वाटणीला चौघे बसले. व्यापाऱ्यांकडून शेठजी, शेतकऱ्यांकडून पाटील, आणि पिंजाऱ्यांचा व कोष्ट्यांचा एकेक म्हातारा. बुवांनी मध्ये फडका अंथरला, भिंग त्यावर ठेवले आणि कोणी काही बोलायच्या आत ते उकलायला घेतले. खालचे बारीक भिंग, ज्याच्यावर सगळे मोठे दिसणे अवलंबून असते, ते शेठजींच्या पुढे ठेवले. लांब पितळी नळी पाटलांपुढे. डोळ्याशी लावायचे वरचे भिंग पिंजाऱ्याला. पाय आणि आरसा कोष्ट्याला.

"ये क्या तमाशा है?" शेठजी म्हणाले. "इसका मैं क्या करू? कानात घालू?"

"घाला, नाईतर बाजाराच्या दिवशी घेऊन या."

"आणि नाही आणलं तर?"

"तर चौघांचंबी भिंग घरी राह्यलं. वाटनी बराबर झाली ना? कोनाले कमी-जास्त गेलं का?"

कोणाला कमी-जास्त गेले नव्हते. ते उठून गेले. पिंजारी जाता जाता म्हणाला, "बुवा, तुमचा वाटा?" बुवांनी फडका झटकून घडी केला. तोच त्यांचा वाटा होता, असे मी समजलो.

ते चालेल असे मला वाटले नव्हते. पण चालले. ज्याला तपासणी हवी असे तो बाकीच्या तिघांच्या दारी निरोप धाडी, आणि आज आपण नाही गेलो तर उद्या आपल्यासाठी कोणी येणार नाही, हे सगळ्यांना कळत होते. बाजाराच्या दिवशी चार बाजूंनी चार माणसे छोट्या छोट्या पुरचुंड्या घेऊन मोर्णेच्या काठाला येत. भिंग जोडले जाई, काम होई, आणि पुन्हा चार बाजूंनी चार पुरचुंड्या परत जात. जागेचे भाडे नव्या साहेबाने मागितले नाही. तो बहुधा विसरला असावा.

मग शेठजींचा प्रसंग आला.

आगगाडी नुकतीच अकोल्याला पोचली होती. शेठजींच्या गठड्या स्टेशनात पडल्या होत्या, आणि मुंबईहून आलेल्या घेणाऱ्याच्या माणसाने त्यातली एक फाडून सांगितले की बनीत जरी मिसळली आहे, माल घेणार नाही. बाजार आधीच मोडका. हा माल परत आला असता तर शेठजींची वखार बंद झाली असती, हे शेठजींनाही ठाऊक होते आणि बाजारालाही. बाजारातल्या अनेकांना त्याचे फार वाईट वाटत होते असे दिसले नाही.

शेठजींनी परीक्षा मागितली. आपला पाहणारा म्हणून त्यांनी कोष्टी निवडला. घेणाऱ्याच्या माणसाने गावात चौकशी केली, शेठजींशी कोणाचे वाकडे ते विचारले, आणि पाटलांना निवडले. तिसरा मी.

पाटील आले, नळी पुढे केली आणि म्हणाले, "मी नाई पाह्यत याचा कापूस."

"तुमाले निवडलं आहे," बुवा म्हणाले.

"दुसऱ्याले बसवा."

"रीत सोडून बसवू? मंग उद्या तुमचा कापूस आला का त्याच्या रीतीनं पाहू?"

खोलीबाहेर माणसे जमली होती. आधी कोष्ट्याने पाहिले. मग मी पाहिले. रीत मोडायला नको म्हणून मी काय सांगितले ते आजही लिहीत नाही. पण पुढे जे झाले त्यावरून वाचणाऱ्याला ते कळेलच. मग पाटील वाकले. बराच वेळ ते उठले नाहीत. बुवा भिंतीकडे तोंड करून उभे होते. बाहेर शेठजींनी पागोटे काढून मांडीवर घेतले होते.

पाटलांनी "जरी" एवढे दोन अक्षरांत म्हटले असते तर कापूस बोलला नसता. शेठजी बुडाले असते, आणि कोणामुळे हे कोणाला कधी समजले नसते. पाटील कोपऱ्यात गेले. बुवांच्या कानाशी वाकले.

बुवा उंबऱ्यावर आले. "तिघं एक बोलले. बनी आहे. अस्सल आहे."

क्षणभर कोणाला काही उमगले नाही. मग उमगले. तिघे एक बोलले, म्हणजे पाटीलही तेच बोलले. शेठजी उठले आणि साऱ्या बाजारासमोर हात जोडून म्हणाले, "पाटील, आज तुम्ही माझी लाज राखली. जिंदगीभर नही भूलूंगा." आणि बुवांच्या मागून बाहेर आलेल्या पाटलांना मिठी मारायला त्यांनी हात पसरले.

कोणीतरी हसले. "पाटील, आता शेठजीच्या सोयरिकीले कवा जाता?" दुसरा म्हणाला, "कचऱ्यानं सोनं पारखलं रे बाप्पा!"

पाटलांचा चेहरा काळवंडला. ते शेठजींच्या हाताखालून मागे आत आले.

"माह्याच तोंडातून वदवलं तुमी," ते बुवांना म्हणाले. "काहून बसवलं मले?"

"मी काय वदवलं? तुमी पाह्यलं ते बोलले."

"तेच ना! नाई पाह्यलं असतं तर बोललो नसतो." त्यांनी भिंगाची नळी काढून घेतली. "हे माहा वाटा आहे. आता हे तेल्हाऱ्याले राहीन. या खोलीत माहं पाऊल नाई."

ते गेले. गाडी जुंपल्याचा आवाज आला.

पुढच्या बाजारी तिघे आले, नळी आली नाही. त्याच्या पुढच्या बाजारीही नाही. बुवा फडका अंथरत, आलेले तीन तुकडे मांडीत, मध्ये नळीएवढी जागा सोडीत. कापूस घेऊन आलेल्यांना सांगत, "आज जुळलं नाई. मंग या." काही आले, काही आले नाहीत. परीक्षेची मूठ थांबली. भिंतीचा चुना निघू लागला. पिंजारी म्हणाला, नळी कुठल्याही कासाराकडून करून घेऊ. बुवा म्हणाले, ती पाटलांची आहे. कोष्टी म्हणाला, पाटील येणार नाहीत. बुवा म्हणाले, "ते मले नाई मालूम."

शेठजींचा माल मुंबईला गेला होता. वखार वाचली होती. एका बाजाराच्या दिवशी ते एक शिसवी पेटी घेऊन आले. आत मुंबईहून मागवलेले कोरे करकरीत भिंग होते, पूर्ण, पहिल्यापेक्षा मोठे.

"बुवा, ये लो. पाटलाची गरज नाही, कुणाची गरज नाही. रोज उघडा. रंगरंगोटी मी करतो."

बुवांनी पेटीकडे पाहिले. हात लावला नाही.

"कोनाचं आहे हे?"

"अरे, तुमचं. खोलीचं."

"खोलीनं नाई आनलं. तुमी आनलं." ते म्हणाले. "लय चांगलं आहे, शेठजी. घरी ठेवा. तुमच्या घरी येऊन पाह्यतीन लोक. पन इथं नको."

शेठजींना राग आला. खरे सांगायचे तर मलाही आला. खोली डोळ्यांदेखत बंद पडत होती. मी त्यांना म्हणालो, "बुवा, भिंग कोणाचेही असो. दिसले म्हणजे झाले ना?"

"तुमाले दिसीन, मास्तर. पन ज्याचं शेठजीसंगं वाकडं आहे त्याले शेठजीच्या भिंगातून काय दिसीन? तो म्हनन, त्याच्याच घरचं होतं, त्याच्यासारखंच बोललं."

शेठजी पेटी घेऊन गेले. पण त्याच्या पुढच्या बाजारी आपल्या वाट्याचे जुने बारीक भिंग घेऊन ते पुन्हा आले आणि बसून राहिले. त्यांनी का यावे हे मला समजले नाही.

खोली अशी उघडी राहिली आणि आत काही होत नव्हते. मी शाळेतून येई, बसे. बुवा तुकडे मांडीत. संध्याकाळी ज्याचे त्याला देत. बुवांच्या चेहऱ्यावर चिंता दिसे असे म्हणता येणार नाही. पण मेथी त्यांनी त्या वर्षी पेरली नाही, आणि एकदा त्यांनी मला विचारले की परतवाड्याकडे जाणाऱ्या गाड्या हल्ली कुठून सुटतात.

पाटील आले तो बाजाराचा दिवस होता, दुपारची वेळ, आणि बाकीचे तिघे आत बसले होते. गाडी दूर उभी करून ते चालत आले. हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"शेठनं नवं भिंग देल्लं होतं म्हन्ते."

"हाव."

"वापस केलं म्हन्ते."

"वापस नाई केलं. घेतलंच नाई."

"काहून?"

"त्यात तुमची नळी बसली नसती," बुवा म्हणाले.

पाटील रांजणाकडे गेले, राख घेतली आणि हात धुतले. कोपरापर्यंत धुतले. आत आले आणि शेठजींकडे न पाहता नळी फडक्यावरच्या रिकाम्या जागेत ठेवली. शेठजींनी आपले बारीक भिंग तिच्या शेजारी सरकवले.

मागच्या बाजारापासून एका बाईचा कापूस तपासायचा राहिला होता. तिची तक्रार एका दलालाविरुद्ध होती. बुवांनी भिंग जोडायला घेतले. पाय उभा केला. नळी बसवली. वरचे भिंग बसले. पण शेठजींचे खालचे बारीक भिंग काही केल्या बसेना. इतक्या वेळा जोडून आणि उकलून त्याचे आटे झिजले होते. फिरवले की गळून हातात येई. मेण लावून पाहिले, दोरा गुंडाळून पाहिला.

"धरून राहा लागते," बुवा म्हणाले. "एकानं नळी धरा, एकानं भिंग."

कोणाचे काय, ते ठरलेलेच होते. पाटलांनी दोन्ही हातांनी नळी धरली. शेठजी गुडघ्यावर बसले आणि खालचे भिंग चिमटीत धरून नळीच्या तोंडाशी लावले. दोघांची डोकी इतकी जवळ आली की पाटलांच्या मुंडाशाचा सोगा शेठजींच्या खांद्यावर पडला. तो काढायला दोघांपैकी कोणाचाही हात मोकळा नव्हता.

"हलू नका," बुवा म्हणाले आणि भिंतीकडे वळले. "मास्तर, पाह्या."

मी वाकलो. उजेडात एक धागा होता, आणि तो हलत होता. पाटील श्वास घेत तेव्हा तो एका बाजूला जाई, शेठजी घेत तेव्हा दुसऱ्या. मी डोळा लावून तसाच थांबलो. थोड्या वेळाने धागा जागच्या जागी स्थिर झाला, आणि मला त्याचा पीळ दिसू लागला.